बर्थाबाई पापेनहाइम

मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. स्मरणिकेसाठी प्रत्येक सभासद भगिनीने चार ओळी तरी लिहाव्यात, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याची यादी आणि हळदीकुंकवाच्या आमंत्रणाची नावे यापलीकडे मी कधी लेखणी धरली नाही. एखादी पाककृती देते म्हटले, तर पाककृती भरपूर आल्या आहेत असे कळले. तेव्हा एका परदेशी बाईचे चरित्र माझ्या साध्या भाषेत सांगावे असे मनात आले. ही बाई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. पण शिकलेल्या डॉक्टरांच्या पुस्तकांतून ते जगभर गेलेले आहे.

तिची ओळख मला माझ्या पुतणीने करून दिली. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते. मागच्या दिवाळीत आठ दिवस राहायला आली होती. तेव्हा माझा उजवा हात धरला होता. पोळी लाटताना खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या येत, आणि पाण्याचा तांब्या उचलायला गेले की हात गळून पडे. डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासले, काही दोष नाही म्हणाले. दोष नाही म्हणजे ही सोंग करते, असे घरात कोणी बोलून दाखवले नाही, पण तसे वाटत असावे. माझे मलाच तसे वाटू लागले होते. पुतणीने हे सारे पाहिले आणि दुपारी भांडी आवरल्यावर मला ही हकिकत सांगायला बसली. मी पुन्हा पुन्हा विचारले आणि वहीत टिपून घेतले. त्याच वहीवरून आज लिहिते आहे.

बर्था पापेनहाइम हिचा जन्म २७ फेब्रुवारी १८५९ रोजी ऑस्ट्रिया देशातील व्हिएन्ना शहरी झाला. घराणे ज्यू धर्माचे, सोवळेओवळे कडक पाळणारे आणि पैशाने सुखी. वडील सिग्मुंड हे व्यापारी, आई रेखा ही जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातली, मोठ्या घरची लेक. बर्थाच्या जन्माआधी एक बहीण लहानपणीच वारली होती. दुसरी थोरली बहीण बर्था आठ वर्षांची असताना क्षयाने गेली. पाठचा एक भाऊ होता. घरात मुलगा एकच, तेव्हा त्याचे कोडकौतुक किती असेल हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

बर्था फार हुशार होती. जर्मन तर घरचीच भाषा. शिवाय इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन तिला येत असे. पण सोळाव्या वर्षी तिची शाळा संपली. भाऊ पुढे शिकत राहिला. व्हिएन्नाच्या विद्यापीठाचे दार मुलींना १८९७ साली उघडले, तोवर ती अडतीस वर्षांची झाली होती. मग करायचे काय? भरतकाम, पियानो, घोड्यावरून फेरफटका, आईला घरात मदत, आणि चांगल्या स्थळाची वाट. हात कामात असत आणि मन दुसरीकडेच असे. ती मनातल्या मनात एक नाटक चालवी. त्यात ती किती तरी ठिकाणी जाई, कितीजणांशी बोले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, मुलगी किती शांतपणे शिवत बसली आहे. हाक मारली की ती लगेच ओ देई, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागला नाही. हे ऐकताना मला हसू आले. भाजी निवडताना मी कुठे कुठे जाऊन येते ते माझे मलाच ठाऊक!

१८८० सालच्या उन्हाळ्यात कुटुंब हवापालटासाठी व्हिएन्नाबाहेर गेले होते. तिथे वडील आजारी पडले. फुप्फुसाजवळ गळू झाले होते. आईने दिवसा बसायचे आणि बर्थाने रात्री, अशी वाटणी झाली. तिचे वडिलांवर अतोनात प्रेम होते. रात्रभर खुर्चीत बसून ती त्यांचा श्वास ऐके. एका रात्री व्हिएन्नाहून शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर यायचे होते, आई घरात नव्हती आणि वडिलांना ताप भरला होता. बर्थाचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर पडून बधिर झाला होता. डोळा लागतो न लागतो तोच तिला भास झाला की, भिंतीतून एक काळा साप निघून वडिलांच्या अंगावर येत आहे. तिला हात उचलून त्याला हाकलायचे होते, पण हात उचलेना. देवाची प्रार्थना म्हणायला गेली तर शब्द सुचेनात. शेवटी लहानपणच्या इंग्रजी बडबडगीताच्या ओळी तेवढ्या आठवल्या. हे तिने त्या वेळी कोणालाही सांगितले नाही.

पुढे तिला खोकला लागला, अन्न जाईना, अशक्तपणा आला. डिसेंबर १८८० मध्ये तिने अंथरूण धरले आणि तेव्हापासून तिला वडिलांजवळ फारसे जाऊ दिले नाही. उजवा हात लुळा पडला, मग पायही आखडले. डोळ्यांना नीट दिसेना. कधी वाचा बंद होई. पुढे तर तिला आपली जर्मन भाषा बोलताच येईना, ती फक्त इंग्रजीतच बोले. अशातच ५ एप्रिल १८८१ रोजी वडील वारले. जिने रात्री जागून काढल्या तिला शेवटचे काही दिवस त्यांचे नीट दर्शनही झाले नाही. वडील गेल्यावर आजार आणखीच वाढला.

तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर योझेफ ब्रॉयर हे व्हिएन्नातले नावाजलेले गृहस्थ. माणसाचा तोल कानाच्या आतल्या भागाने सांभाळला जातो हे शोधून काढणाऱ्यांपैकी ते एक. त्या काळी अशा आजाराला हिस्टेरिया म्हणत. बाईचे थेर म्हणून पुष्कळ वैद्य तिकडे दुर्लक्ष करीत, नाही तर थंड पाण्याचे आणि विजेचे उपाय करीत. ब्रॉयर यांनी मात्र खुर्ची ओढली आणि ते ऐकत बसले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, दीड वर्ष. संध्याकाळी ते येत. ती गुंगीत असे. आधी ती गोष्टी रचून सांगे. त्यातल्या बहुतेक आजारी माणसाच्या उशाशी काळजीने बसलेल्या मुलीच्या असत. सांगून झाले की तिचे अंग हलके होई आणि ती शांत झोपे. डॉक्टर एखाद्या दिवशी आले नाहीत तर तळमळ चाले.

या उपचाराला नाव तिनेच दिले. तेव्हा ती इंग्रजी बोलत असल्यामुळे नाव इंग्रजीच पडले, टॉकिंग क्युअर, म्हणजे बोलण्याचा उपचार. थट्टेने ती त्याला धुराडे झाडणे असेही म्हणे. आपल्यापैकी ज्यांनी चुलीपुढे जन्म काढला त्यांना धुराडे तुंबल्यावर घरात काय होते हे ठाऊक आहे.

१८८१ च्या उन्हाळ्यातली एक हकिकत मला सर्वांत लक्षात राहिली. कडक उन्हाळा चालू असताना बर्थाला पाणी पिता येईना. पेला हातात घ्यायची, ओठाला लावायची आणि झिडकारून द्यायची. सहा आठवडे ती कलिंगडाच्या जातीच्या फळांवर राहिली. एका संध्याकाळी गुंगीत असताना ती आपल्या सोबतीला ठेवलेल्या इंग्रज बाईबद्दल बोलू लागली. ती बाई तिला आवडत नसे. एकदा बर्था तिच्या खोलीत गेली तर त्या बाईचे कुत्रे पेल्यातून पाणी पीत होते. बर्थाला शिसारी आली, पण सभ्यपणा म्हणून ती काही बोलली नाही. ती गिळलेली चीड इतक्या दिवसांनी तोंडावाटे बाहेर पडली. ती भडाभडा बोलली आणि बोलून होताच तिने पाणी मागितले. पुष्कळ पाणी प्याली. शुद्धीवर आली तेव्हा पेला ओठालाच होता.

त्यानंतर डॉक्टर आणि बर्था या दोघांनी मिळून एकेक व्याधी हाती घेतली. ही पहिल्यांदा केव्हा झाली, त्या आधी काय घडले, अंगात काय वाटले, असे शेवटापासून आरंभाकडे मागे मागे जायचे. कोणी खोलीत आले तरी तिला ऐकू येत नसे. या एका तक्रारीचेच १०८ प्रसंग तिने सांगितले! जपमाळेतले मणी ओढावेत तसे डॉक्टरांनी ते ऐकले. लुळ्या हाताच्या मुळाशी ती काळ्या सापाची रात्र निघाली. अंगाचे दुखणे आणि मनाचे दुखणे यांची गाठ कुठे पडली आहे ते असे हळूहळू शोधायचे, ही गोष्ट तेव्हा अगदी नवीन होती. ब्रॉयर यांनी ही हकिकत आपले तरुण मित्र सिग्मुंड फ्रॉइड यांना सांगितली आणि १८९५ साली दोघांनी मिळून पुस्तक छापले. त्यात बर्थाचे नाव बदलून आना ओ. असे घातले. फ्रॉइड यांचे पुढचे सारे शास्त्र या पायावर उभे राहिले. आज समुपदेशन करणारी मंडळी समोरच्याला बोलू देतात, आणि हे सांगताना छातीत काय होते, घशात काय होते, असेही विचारतात. त्याची सुरुवात त्या आजारी मुलीच्या खोलीत झाली, असे पुतणी म्हणते.

इथवरची गोष्ट ऐकून मी म्हटले, वा, छान झाले, बरी झाली पोर. पण पुतणीने मला खरे तेच सांगितले आणि मीही इथे खरे तेच सांगते. जून १८८२ मध्ये उपचार संपले आणि ती बरी झाली असे पुस्तकात आहे. प्रत्यक्षात त्याच जुलैत तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगेन येथील आरोग्यभवनात ठेवावे लागले. तोंडाच्या शिरा असह्य दुखत, त्यावर दिलेल्या मॉर्फिनची तिला सवय लागली होती. पुढेही १८८७ पर्यंत तिला अधूनमधून अशा ठिकाणी राहावे लागले. ही कागदपत्रे १९७२ च्या सुमारास उजेडात आली. तिला मेंदूचाच काही आजार असावा असेही काही डॉक्टरांनी पुढे मांडले आहे. म्हणून भगिनींनो, अंग दुखले की आधी डॉक्टरांना दाखवावेच. बोलण्याने सगळे बरे होते असे नाही. पण न बोलल्याने दुखणे वाढते, एवढे तिच्या हकिकतीवरून मला पटले.

आता मला तिच्या आयुष्याचा दुसरा भाग सांगायचा आहे. खरे म्हणजे तो सांगण्यासाठीच मी लिहायला बसले.

नोव्हेंबर १८८८ मध्ये बर्था आईबरोबर फ्रँकफुर्टला आली. वय एकोणतीस. लग्न झालेले नाही, पाठीशी सात-आठ वर्षांचे आजारपण. आपल्याकडे अशा मुलीला लोक संपली म्हणतात. तिथे माहेरच्या नातलग बायका गोरगरिबांसाठी काम करीत. बर्था त्यांच्याबरोबर गरिबांच्या अन्नछत्रात पानात वाढायला उभी राहिली. मग मुलींच्या अनाथालयात जाऊन गोष्टी वाचून दाखवू लागली. १८९५ साली, म्हणजे ज्या वर्षी आना ओ.ची हकिकत छापून आली त्याच वर्षी, ती त्या अनाथालयाची व्यवस्थापिका झाली आणि पुढे बारा वर्षे तिने ते चालवले. आता यापुढे मी त्यांना बर्थाबाईच म्हणेन. मुलींना नुसते शिवणटिपण न शिकवता स्वतःच्या पायावर उभे राहता येईल असे शिक्षण द्यायचे, हा त्यांचा कटाक्ष. त्या लिहीतही असत, पण आरंभी पुरुषाचे नाव घेऊन, पाउल बेर्थोल्ड म्हणून. बायकांच्या हक्कांविषयी इंग्लंडच्या मेरी वुलस्टनक्राफ्ट यांनी लिहिलेले पुस्तक त्यांनी १८९९ साली जर्मनमध्ये आणले.

त्या काळी पूर्व युरोपातल्या गॅलिशिया प्रांतात ज्यू लोकांचे फार दारिद्र्य होते. तिथल्या मुलींना खोट्या लग्नाचे किंवा नोकरीचे आमिष दाखवून दूरदेशी नेऊन विकत. ब्यूनस आयर्सपर्यंत, कॉन्स्टँटिनोपलपर्यंत. नवऱ्याने टाकलेल्या बायकांचे हाल वेगळेच. नवऱ्याने रीतसर सोडचिठ्ठी दिल्यावाचून धर्माप्रमाणे त्यांना दुसरे लग्न करता येत नसे. बर्थाबाई १९०३ साली स्वतः त्या गावांतून हिंडल्या आणि जे पाहिले ते त्यांनी छापून प्रसिद्ध केले. समाजातल्या मोठ्या लोकांना ते रुचले नाही. आधीच ज्यूंना नावे ठेवणारे थोडे आहेत काय, त्यात आपणच आपली लक्तरे का वेशीवर टांगावी, असे त्यांचे म्हणणे. बर्थाबाईंनी ऐकले नाही. झाकून ठेवल्याने मुली वाचणार नाहीत, हे त्यांनी सभांतून ठणकावून सांगितले.

१९०४ साली त्यांनी ज्यू स्त्रियांचा संघ स्थापन केला. म्हणजे एका अर्थी आपल्यासारखेच मंडळ, पण देशभरचे. पुढे त्याच्या सभासद पन्नास हजारांच्या घरात गेल्या. वीस वर्षे त्या अध्यक्षा होत्या. रेल्वे स्टेशनवर एकट्या आलेल्या मुलींना गाठून सुरक्षित जागी पोचवायचे, हेही या बायकांचे एक काम होते.

१९०७ साली फ्रँकफुर्टजवळ न्यू-ईझेनबुर्ग येथे त्यांनी एक घर उघडले. कुमारी माता, त्यांची मुले, वाईट मार्गाला लागण्याचा धोका असलेल्या मुली, ज्यांना कुठेच थारा नाही अशा साऱ्यांसाठी. आपल्याकडे सावित्रीबाई आणि जोतिबा फुले यांनी पुण्यात १८६३ साली अशाच अडलेल्या बायकांना आसरा दिला होता, हे आपल्याला ठाऊक आहे. बर्थाबाईंच्या घरात राहणी साधी, पण टापटीप फार. मुलींनी स्वयंपाक शिकावा, शिवण शिकावे, सणवार पाळावेत. शिस्त कडक; बाईंचा स्वभावही तसा करडाच. त्यांना जुनी लेस जमवण्याचा नाद होता. तो नाजूक विणकामाचा संग्रह त्यांनी शेवटी व्हिएन्नाच्या संग्रहालयाला आईवडिलांच्या नावे दिला.

एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. आपल्या तरुणपणच्या आजाराविषयी त्यांनी पुढे कधीही चकार शब्द काढला नाही. घरातल्या मुलींवर फ्रॉइड यांच्या पद्धतीचे उपचार करायलाही त्यांची तयारी नसे. जिच्या बोलण्यावरून एवढे शास्त्र निघाले तीच त्या बाबतीत मुकी राहिली. का, ते त्यांनी सांगितले नाही. मला वाटते, आपल्या मनातले इतक्या लोकांनी पुस्तकात वाचावे याची त्यांना चीड असावी. आना ओ. म्हणजेच बर्था पापेनहाइम, हे गुपित १९५३ साली फ्रॉइड यांच्या चरित्रकाराने छापले. तेव्हा त्यांना जाऊन सतरा वर्षे झाली होती. त्यांना कोणी विचारले नव्हते.

शेवटची वर्षे कठीण गेली. १९३३ साली जर्मनीत हिटलरचे राज्य आले. मुलांना आईबापांपासून तोडून परदेशी पाठवू नये असे बर्थाबाईंचे मत होते आणि त्या मतावर त्या फार दिवस अडून राहिल्या. १९३५ चे ज्यूंविरोधी कायदे झाल्यावर त्यांचे मत बदलले. इथे त्यांचा अंदाज चुकला होता. तोवर पोटात कर्करोगाची गाठ झाली होती. अशा स्थितीत एप्रिल १९३६ मध्ये त्यांना गुप्त पोलिसांनी चौकशीला बोलावले. आश्रमातल्या एका मंदबुद्धी मुलीने हिटलरविषयी काही तरी बोलल्याची तक्रार गेली होती. सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या आजारी बाई अंथरुणावरून उठून गेल्या आणि मुलीची बाजू शांतपणे मांडून परत आल्या. त्यानंतर त्या फार दिवस जगल्या नाहीत. २८ मे १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. फ्रँकफुर्टला आईशेजारी त्यांचे दफन झाले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, गुंडांनी त्यांच्या घरावर हल्ला करून एक इमारत जाळली. १९४२ साली आश्रम बंद झाला आणि उरलेल्यांना छावणीत धाडले. युद्धानंतर, १९५४ साली पश्चिम जर्मनीने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. न्यू-ईझेनबुर्गच्या त्या घरात आता त्यांचे स्मारक आहे.

आता माझे थोडे सांगून पुरे करते. माझ्या सासूबाई चौदा महिने अंथरुणावर होत्या. रात्रीचे बसणे माझ्याकडे होते. ज्या रात्री त्या गेल्या त्या रात्री मला डुलकी लागली. त्यांनी पाणी मागितले की नाही मला माहीत नाही. मी जागी झाले तेव्हा तांब्या कलंडलेला होता. हे मी कोणालाही सांगितले नव्हते, यांनासुद्धा नाही. बर्थाची गोष्ट ऐकल्यावर महिन्याभराने मंडळात पापड लाटताना आपल्यातल्या एका वडीलधाऱ्या काकूंनी मला विचारले, हात केव्हापासून दुखतो, आणि कोणते काम करताना दुखतो. तांब्या उचलताना, असे माझ्या तोंडून गेले आणि मग सगळेच गेले. काकूंनी लाटणे बाजूला ठेवले. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. समजूतही घातली नाही. शेवटी त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

माझा हात पुरता बरा झालेला नाही. थंडीत अजून मुंग्या येतात. पण तांब्या उचलता येतो आणि रात्री झोप लागते. काकूंनी ती गोष्ट कोणालाही सांगितली नाही. आज मी माझ्या इच्छेने ती इथे लिहिते आहे.

आणि म्हणूनच एक कटू बोलते, राग मानू नये. मागे एकदा एका भगिनीने मंडळात विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट दुसऱ्या दिवशी नळावर पोचली होती. ती त्यानंतर मंडळात आली नाही. मी त्या नळावर उभी होते आणि ऐकत राहिले, हेही कबूल करते. आपण पंचवीस वर्षांत पापड केले, भिशी चालवली, बालवाडी काढली. यापुढे आठवड्यातली एक दुपार अशी ठेवावी की जिला बोलायचे तिने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि ऐकलेले तिथेच ठेवावे. जिथे आपले ऐकणे पुरणार नाही तिथे तिला डॉक्टरांकडे सोबत करावी. ती भगिनी आपल्या आळीतच राहते. रौप्यमहोत्सवाचे आमंत्रण तिला टपालाने धाडू नये. मी स्वतः घेऊन जाईन, आणि आधी तिची माफी मागेन.